हिंदमाताजवळचं आमचं छंदांचं दुकान पुन्हा उघडू का?

बाल्सावाला | २३ ऑगस्ट २०२५

मंडळी, इथे दहा वर्षं नुसता वाचतोय. आज पहिल्यांदा धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मुंबईत दादरला, हिंदमाताच्या मागच्या गल्लीत चाळीच्या तळमजल्यावर आमचा १६० चौरस फुटांचा गाळा आहे. पागडीचा, म्हणजे जुन्या भाडेकरूच्या हक्काचा. वडिलांनी १९७९ साली दुकान टाकलं तेव्हा पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी आणि संक्रांतीला पतंग विकायचे. मी गल्ल्यावर बसायला लागल्यावर मॉडेलसाठीचं हलकं बाल्सा लाकूड, विमानांची-जहाजांची प्लास्टिक किट, छोट्या मोटरी, रंग, ब्रश, शाळेच्या प्रोजेक्टचं सामान असं वाढत गेलं. दिवाळीला किल्ल्यावरचे मावळे.

परवाच्या १९ तारखेला, म्हणजे मोनोरेल अडकली त्या मंगळवारी, रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं आणि दुकानात मांडीपर्यंत. हा फरक का, तर रस्ता दर वेळी नव्याने होताना वर चढतो आणि दुकान आहे तिथेच राहतं. वडील दोन पायऱ्या चढून दुकानात जायचे, मी एक पायरी उतरून जातो.

शटरला ताडपत्री लावून, वाळूची पोती रचून निघालो होतो. त्यामुळे निर्धास्त होतो. पाणी आलं मागच्या मोरीच्या जाळीतून. पोत्यांनी उलट ते आतच कोंडून धरलं.

खालचे तीन कप्पे गेले. पार्टिकल बोर्डचं काउंटर पावासारखं फुगलंय. बाल्साच्या तीन फुटी पट्ट्या शेवेसारख्या वळल्यात. किटचे खोके हात लावला की हातात लगदा येतो. वडिलांच्या तिकिटांचे दोन अल्बम खालच्या खणात होते, त्याबद्दल आत्ता लिहवत नाही.

वय ५४. बायको म्हणते, पुरे झालं. मुलगी पुण्याला नोकरीला आहे, ती दुकानात बसणार नाही आणि तिने बसावं असं मलाही वाटत नाही. प्रश्न दोन. उघडू का? आणि उघडायचं असेल तर यातलं काय वाचवता येईल?

खडूस_काकू | २३ ऑगस्ट

आधी स्वतःचं बघा. त्या पाण्यात किती वेळ उभे होतात? पायाला जखम, भेग काही? लेप्टोसाठीचं (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) औषध पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं, ते तास उलटून गेलेत. तरी उद्याच्या उद्या पालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सांगा. ताप आला तर अंगावर काढू नका. दुकान चार दिवस थांबेल.

टिवल्याबावल्या | २३ ऑगस्ट

काकूंना +१. बाकी मोरीतून हल्ला म्हणजे फितुरीच की. समोरून पोती आणि चोरदरवाजा उघडा. (हलके घ्या.)

रोखठोक | २३ ऑगस्ट

भावना बाजूला ठेवून विचारतो. महिन्याला किती सुटतात? किट आणि मोटरी आता लोक घरबसल्या मागवतात. बंद करा, उरलेला माल ऑनलाइन काढा, गाळ्यावर कुलूप घाला आणि चाळीच्या पुनर्विकासाची वाट बघा. पागडीचा गाळा म्हणजे सोनं आहे.

बाल्सावाला | २३ ऑगस्ट

काकू, दवाखान्यात जाऊन आलो, गोळ्या दिल्यात. रोखठोक, वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला २२ हजारांच्या आसपास. दिवाळीच्या महिन्यात दुप्पट. श्रीमंत झालो नाही पण मुलीचं इंजिनिअरिंग त्याच गल्ल्यातून झालं.

वकीलसाहेब_नाही | २४ ऑगस्ट

रोखठोक यांचा ‘कुलूप घाला’ हा सल्ला कृपया कोणी ऐकू नका! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १६. ज्या कामासाठी जागा घेतली त्या कामासाठी ती सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय वापरली नाही, तर मालक जागा खाली करून मागू शकतो. पूर हे सबळ कारण आहे, पण ते किती महिने पुरेल ते कोर्टात ठरतं. पुनर्विकासाच्या आशेने कुलूप घालणाऱ्याला कोर्टाची तारीख मिळते.

बंद असतानाचेही पुरावे ठेवा. तारखेसकट फोटो, सफाईची बिलं, वीज दुरुस्तीची पावती. भाडं वेळेवर भरा आणि पावती घ्या.

रोखठोक | २४ ऑगस्ट

हे माहीत नव्हतं. कुलुपाचा सल्ला मागे घेतो. दुकान चालवावं की नाही यावर मत तेच आहे.

चिपळूणची_सून | २४ ऑगस्ट

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या कापडाच्या दुकानात माळ्यापर्यंत होतं, त्यामुळे थोडं अनुभवाने लिहिते.

पहिल्या दोन दिवसांत माणूस सगळं फेकून देतो, कारण वास सहन होत नाही. आमच्या सासऱ्यांनी तेच केलं आणि मग विम्याचा सर्व्हेअर विचारतो, माल कुठाय? म्हणून फेकायच्या आधी एकेका कप्प्याचा फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेजवळ टेप धरून फोटो, आणि वहीत यादी. भिजलेली खरेदीची बिलं टाकू नका. व्यापाऱ्यांकडून नव्या प्रती मिळतात, फोन करायचा अवकाश.

कागदाचं म्हणाल तर ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. तुमचे अल्बम कसे आहेत? आमच्या गावच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ ला पाणी शिरलं आणि २०२१ ला पुन्हा. पुस्तकांचे ते ढीग बघितलेत, त्यामुळे तुम्ही ‘लिहवत नाही’ का म्हणालात ते कळलं.

शेवटचं, मोबाइलवर टाइप करून बोटं दुखली. पूर गेल्यावर आठ दिवस मदतीला माणसं असतात. नवव्या दिवशी आपण आणि खराटा. तेव्हा जड कामं आत्ताच उरकून घ्या.

तिकीटबाबू | २४ ऑगस्ट

धागाकर्ते, अल्बम उघडायला जाऊ नका! ओली पानं एकमेकांना चिकटली असतील तर ओढली की तिकिटाचा वरचा थर निघतो. अजून ओले असतील तर आहेत तसे प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजमध्ये ठेवा. गोठवल्याने बुरशी थांबते आणि तुम्हाला सवड मिळते. नंतर एकेक पान काढून स्वच्छ, थंड पाण्यात सोडा, तिकिटं आपोआप सुटतील. टिपकागदावर पालथी वाळवा, वर दुसरा टिपकागद आणि जाड पुस्तक.

वापरलेली, शिक्का पडलेली तिकिटं यातून बहुतेक वाचतात. कोऱ्या तिकिटांचा मागचा डिंक जाईल आणि संग्राहकांच्या लेखी अर्धी किंमत डिंकाचीच असते. त्याला इलाज नाही.

अवांतर: १९८० च्या दशकात जीपीओच्या फिलाटेली ब्युरोत (संग्राहकांच्या तिकीट खिडकीवर) रांग लावून, येताना दादरला उतरून ज्या दुकानातून हिंजेस (अल्बममध्ये तिकीट चिकटवायच्या कागदी पट्ट्या) घ्यायचो ते दुकान हेच का? काउंटरवर चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधणारे एक गृहस्थ बसायचे.

बाल्सावाला | २४ ऑगस्ट

तेच वडील. २०१४ ला गेले. चष्मा अजून गल्ल्याच्या खणात आहे, वरच्या खणात, कोरडा.

अल्बम शेजारच्या दूधवाल्याच्या फ्रीजरमध्ये ठेवलेत. तो म्हणाला, आईस्क्रीमच्या खोक्यांवर ठेवा पण कुणाला सांगू नका. तुम्हालाच सांगतोय.

नळगटार | २५ ऑगस्ट

पेशाने या भागातल्या पाइपांशी संबंध आहे, म्हणून मोरीबद्दल.

हिंदमाता बशीसारखं आहे, चहूबाजूंचं पाणी तिथे उतरतं. पर्जन्यवाहिन्यांच्या समुद्राकडच्या तोंडांपैकी बहुतेक भरतीच्या पातळीखाली असल्यामुळे मोठ्या भरतीला दारं बंद ठेवावी लागतात आणि पाणी पंपाने उपसावं लागतं. जुन्या वाहिन्या तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, २६ जुलै २००५ नंतर त्या ५० मिमीच्या करायचं काम जोरात सुरू झालं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता, तेवढ्याला कुठलीच वाहिनी पुरणार नाही. आता हिंदमाताचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्याही केल्यात. पूर्वी दिवसदिवस तुंबायचं, आता काही तासांत उतरतं. पण काउंटर फुगायला एक तास पुरतो.

बाहेरची पातळी तुमच्या मोरीच्या वर गेली की पाणी पाइपातून उलटं येणारच. प्लंबरकडून मोरीच्या बाहेरच्या पाइपावर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि दर मे महिन्यात साफ करा, कारण त्यात केसाचा गुंता अडकला तर तो उघडाच राहतो. तोवर, स्क्रू आवळला की फुगणारं रबरी बूच मिळतं, ते रात्री शटर लावताना मोरीत ठोका.

हाडाचा_मुंबईकर | २५ ऑगस्ट

टाक्या, पंप, कोट्यवधी खर्च आणि शेवटी सामान्य माणसाने बूच ठोकायचं. वर दुसऱ्या दिवशी ‘मुंबई स्पिरिट’चं कौतुक आहेच. कसलं स्पिरिट, भाडं भरायचं असतं म्हणून माणूस उठतो...

सासवडकर | २५ ऑगस्ट

मग मुंबई सोडा ना. आमच्याकडे या. पाणीच नाही, पूर कुठून येणार.

टिवल्याबावल्या | २५ ऑगस्ट

पाइपाने इकडचं तिकडे जोडून टाका, दोघेही सुखी.

संपादक | २५ ऑगस्ट

महापालिकेवरची चर्चा वेगळ्या धाग्यावर करावी. सहा प्रतिसाद उडवले आहेत.

पंखवाला | २६ ऑगस्ट

मी तुमचं गिऱ्हाईक. कॉलेजात पहिलं ग्लायडर तुमच्याकडच्या लाकडाचं केलं होतं आणि ते पहिल्याच फेकीत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आपटलं.

रिमोटच्या विमानांच्या लिपो (लिथियम) बॅटऱ्या भिजल्यात का? भिजल्या असतील तर चार्ज करून बघायचा मोह आवरा. आत पाणी गेलेली बॅटरी आठवड्याने सुद्धा पेट घेऊ शकते. वाळूच्या बादलीत घालून बाहेर मोकळ्यावर ठेवा आणि ई-कचरा नेणाऱ्याला द्या, साध्या कचऱ्यात नको. सर्वो (विमानाचे पंख हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि स्पीड कंट्रोलर पण विकू नका. आज चालतील आणि विमान शंभर फुटांवर असताना बंद पडतील. मोटरी धुऊन, वाळवून, तेल घालून ‘प्रोजेक्टसाठी’ म्हणून स्वस्तात काढता येतील.

किटचं प्लास्टिक साबणाच्या कोमट पाण्यात धुतलं की नव्यासारखं. डेकल (चिकटवायची चित्रं) गेले. माहितीपत्रकं बहुतेक कंपन्यांची नेटवर मिळतात. झिपच्या पिशवीत भरून, ‘खोक्याविना’ असं स्वच्छ लिहून विका. आम्ही घेऊ. खोकं कोण उडवतंय?

तीन मिमीच्या वरचा बाल्सा दोन काचांमध्ये दाबून सावलीत वाळवला तर थोडा सरळ होतो. एक मिमीचा सोडून द्या.

हिशेबनीस | २७ ऑगस्ट

गणपती बसले, आरती झाली, आता पाच मिनिटं लिहितो.

जीएसटीत नियमित नोंदणी असेल तर नष्ट झालेल्या मालावर आधी घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) उलटवावं लागतं. कलम १७(५)(ज). इंग्रजी प्रतीत तेच ‘एच’. पण तोच माल भिजलेला म्हणून कमी भावात, बिल करून विकला तर तो नष्ट झालेला नाही, क्रेडिट राहतं. म्हणजे पंखवाला म्हणतात तसं खोक्याविना विकण्यात दुहेरी फायदा आहे. जे क्रेडिट उलटवाल ती रक्कम विम्याच्या दाव्यात खर्च म्हणून धरायला सांगा, लोक हे हमखास विसरतात. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सोप्या कर योजनेत असाल तर क्रेडिटचा प्रश्नच नाही.

विमा आहे का पण?

बाल्सावाला | २ सप्टेंबर

उशीर झाला. दीड दिवसाचा गणपती करून पुन्हा सफाईला लागलो.

कंपोझिशनमध्येच आहे. विमा आहे, बँकेच्या कर्जाबरोबर काढलेला, ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. पॉलिसी खालच्या खणातच होती. बँकेतून प्रत आणली. त्यात मालाची रक्कम ३ लाख. दुकानात माल होता ५ लाखांचा, नुकसान २ लाख ८० हजारांचं. मला वाटलं ३ लाखांच्या आत आहे, पूर्ण मिळेल. सर्व्हेअर नवव्या दिवशी आला, चपला हातात घेऊन आत शिरला, कॅल्क्युलेटर काढला आणि म्हणाला, अ‍ॅव्हरेज लागेल.

हिशेबनीस | २ सप्टेंबर

लागणारच. विमा खऱ्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी असेल तर या पॉलिसीत माफ असतं. तुमचा ४० टक्के कमी आहे. मग पाचातले तीन हिस्सेच मिळतात. २,८०,००० चे १,६८,०००, त्यातून पॉलिसीत लिहिलेली आपण सोसायची रक्कम वजा. हप्त्यात वर्षाला काही शे रुपये वाचवले आणि इथे लाखभर गेले. रागावू नका, माझ्या निम्म्या अशिलांची हीच कथा आहे.

बाल्सावाला | २ सप्टेंबर

रागावलो नाही. दर वर्षी नूतनीकरणाचा कागद यायचा आणि मी ‘मागच्यासारखंच करा’ म्हणायचो.

रोखठोक | ३ सप्टेंबर

म्हणजे दीडेक लाख येणार. फर्निचर, वायरिंग, माल धरून किती लागतील? तीन? ते बँकेत टाकले तर व्याज मिळेल, पुन्हा पाणी मिळणार नाही. मी खडूसपणे बोलत नाहीये. माझ्या काकांचं कुर्ल्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान २००५ नंतर त्यांनी हट्टाने उघडलं आणि पुढची चार वर्षं घरातले पैसे त्यात ओतले. उघडण्याचं कौतुक सगळ्यांनी केलं, रेडिओ कुणीच आणला नाही.

खडूस_काकू | ३ सप्टेंबर

‘खडूसपणे’ या शब्दावर माझा हक्क आहे. पण मुद्दा बरोबर आहे. बाल्सावाला, पूर नसता आला तर हे दुकान पाच वर्षांनी असतं का? याचं उत्तर आधी द्या, मग फर्निचर.

बाल्सावाला | ५ सप्टेंबर

काकू, दोन दिवस हाच प्रश्न डोक्यात होता. महागडी किट आणि रिमोटची विमानं पाच वर्षांनी माझ्याकडून कुणी घेणार नाही, हे मला पुराआधीही माहीत होतं, फक्त कप्पा रिकामा करवत नव्हता. पण रात्री साडेआठला आई पोराला ओढत आणते, ‘उद्या ज्वालामुखी द्यायचाय शाळेत’, तिला उद्या सकाळी घरपोच येऊन काय उपयोग? आणि मावळे. ते लोक हातात घेऊन, तलवार शाबूत आहे ना बघून घेतात.

तर उघडतो. पण लहान करून. उधारीवर नवी किट आणायची नाहीत.

तिकीटबाबू | ५ सप्टेंबर

ब्राव्हो! हिंजेस ठेवा म्हणजे झालं.

सुतारपक्षी | ६ सप्टेंबर

मग फर्निचरचं ऐका. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ दुकानाच्या दारात सुद्धा येऊ देऊ नका. लोखंडी अँगलचे रॅक, रंग मारून, नटबोल्टवाले. खालचा कप्पा अडीच फुटांवर. त्याखाली काही नाही. खरंच काही नाही, ‘तात्पुरतं’ म्हणून ठेवलेलं खोकंही नाही. काउंटरला वरची फळी पाण्यात टिकणाऱ्या बीडब्ल्यूपी प्लायची, पाय लोखंडी. सगळे प्लग चार फुटांवर आणि आधी वायरमनकडून मीटरपासून तपासून घ्या. पाणी उतरलं म्हणून बटण दाबून बघणारे मी पाहिलेत.

भिंतीला लगेच ऑइलपेंट मारू नका. आतली ओल कोंडते आणि दोन महिन्यांत मिठाची पूड बाहेर येऊन पोपडे निघतात. आत्ता चुना, रंग पुढच्या उन्हाळ्यात.

दारात दोन फूट उंच विटांचा उंबरठा बांधून देऊ शकतो.

वकीलसाहेब_नाही | ६ सप्टेंबर

थांबा! पक्कं बांधकाम मालकाच्या लेखी परवानगीशिवाय केलं तर तेही जागा खाली करून मागायचं कारण होतं. त्याच कलम १६ मध्ये. जागेचं विशेष नुकसान न करता काढता येण्यासारखे बदल चालतात. विटा नकोत.

सुतारपक्षी | ६ सप्टेंबर

बरं. मग दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमची खाच स्क्रूने बसवायची आणि तिच्यात रबर लावलेली फळी वरून सरकवायची. काढली की काही नाही. दोन फुटांपेक्षा उंच नको, चाळीची भिंत जुनी आहे, पाण्याचा रेटा तिला सोसायला हवा.

पंखवाला | ६ सप्टेंबर

उद्या रविवारी रिकामा आहे. किट धुवायला येतो. अजून दोघं येतील. वडापाव धागाकर्त्यांकडून.

बाल्सावाला | ८ सप्टेंबर

चौघं आले. चाळीच्या सार्वजनिक नळाखाली ६३ किट धुतली. वरच्या मजल्यावरच्या आजींना वाटलं आम्ही भांडी घासायचं कंत्राट घेतलंय.

एक प्रश्न राहिला. गेल्या वर्षीचे उरलेले मावळे माळ्यावर टाकायचे राहून गेले, दोन गोण्या खालीच होत्या. मातीचे पार विरघळून गोणीच्या तळाशी गाळ झालाय. प्लास्टरचे शाबूत आहेत पण रंग गेला. सगळे पांढरे. ब्लीचच्या पाण्यातून काढून वाळवलेत. टाकू?

टिवल्याबावल्या | ८ सप्टेंबर

पांढरे मावळे म्हणजे रंगवायचे मावळे. सोबत तीन रंग आणि एक ब्रश. फी पाठवून देतो.

चिपळूणची_सून | ८ सप्टेंबर

चेष्टा नाही, खरंच करा. माझा मुलगा तयार रंगवलेला मावळासुद्धा पुन्हा रंगवतो.

बाल्सावाला | १२ ऑक्टोबर

ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी. दसऱ्याला, २ तारखेला शटर वर केलं. भिंतीला चुना आहे, रॅक अर्धे रिकामे आहेत, मोरीला व्हॉल्व्ह बसला. फळी सरकवायचा सराव बायकोने केला, तिला दीड मिनिट लागतं, मला तीन. विम्याचे पैसे अजून ‘प्रक्रियेत’ आहेत.

अल्बमपैकी एक पूर्ण वाळला. दुसऱ्याची सतरा पानं दूधवाल्याकडेच आहेत, रोज रात्री एक सोडवतो. कोऱ्या तिकिटांचा डिंक गेला.

पांढऱ्या मावळ्यांच्या दोनशे पुड्या केल्या होत्या, १४ उरल्यात. एका मुलाने तीन परत आणले, म्हणे घोड्याला शेपूट नाही. बदलून दिले.

रोखठोक | १२ ऑक्टोबर

गाळ्याचा विमा वाढवलात का?

बाल्सावाला | १२ ऑक्टोबर

वाढवला. मालच कमी केला, त्यामुळे हप्ता फार वाढला नाही.

पंखवाला | १३ ऑक्टोबर

एक मिमी बाल्सा आलाय का?

बाल्सावाला | १३ ऑक्टोबर

नाही. तीन मिमीचा आहे, जरा वाकडा. सोमवारी बंद असतं, उद्या ये.